चुळबुळे मूल आणि साबुदाण्याएवढी गोळी

कोणत्याही शाळामास्तरांना विचारा, ते एक गोष्ट हमखास सांगतील. वर्गात एखादे मूल असे असतेच, की जे बाकावर बसले तरी बसलेले नसते. पाय हलत असतात, हात शेजाऱ्याच्या दप्तरात असतात, डोळे खिडकीबाहेर असतात. प्रश्न पुरता विचारून होण्याच्या आत उत्तर तोंडातून निसटते, आणि तेही बहुधा चुकीचे! घरी आजी म्हणते, "याच्या पायाला भिंगरी लागली आहे." वडील म्हणतात, "चार रट्टे दिले की येईल ताळ्यावर." आई मात्र मनातून खचलेली असते. कारण रट्टे देऊन झालेले असतात, समजूत घालून झालेली असते, नवससायास झालेले असतात. आणि पोर मुळात वाईट नाही हे तिला पक्के ठाऊक असते.

अशा सगळ्याच मुलांना आजार असतो असे मुळीच नाही. मूल म्हटले की ते हलणारच. परंतु काही मुलांत ही अस्थिरता इतकी असते, आणि घरी, शाळेत, खेळात अशी सगळीकडे इतका काळ टिकून राहते, की तिच्यापायी मुलाचे शिकणेही अडते आणि सवंगडी जोडणेही अडते. या अवस्थेला हल्ली वैद्यकात 'अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार' असे लांबलचक नाव आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक 'एडीएचडी' म्हणतात. आपणही तेच सुटसुटीत नाव घेऊ.

आता याला उपचार काय? मेंदूवर चालणारी औषधे म्हटली की आईबापांच्या पोटात गोळा येतो, आणि ते स्वाभाविकच आहे. मग कोणीतरी सुचवते, "अहो, होमिओपॅथी करून बघा ना! गोड गोळ्या. पोर मागून घेईल. गुण आला तर आला, नाही तर अपाय तरी नाही." हा हिशेब आपल्याकडे घरोघरी चालतो. तो बरोबर आहे की नाही, याचा शोध डॉक्टरांनी घेतला आहे, आणि विशेष म्हणजे होमिओपॅथीवर श्रद्धा असलेल्या डॉक्टरांनीही घेतला आहे. त्या शोधाची हकीकत मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. ती नीट समजण्यासाठी आपल्याला सुमारे सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागेल.

प्रथम आजाराकडे पाहू. पुष्कळांची अशी समजूत आहे की हे दुखणे आजकालच्या टीव्ही-मोबाईलमधून निघालेले फॅड आहे. तसे नाही. अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली मनाच्या विकारांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक सबंध प्रकरण अवधानावर, म्हणजे चित्त एके ठिकाणी लावण्याच्या शक्तीवर आहे. काही माणसांत ही शक्ती जन्मापासूनच कमी असते, ती मुले शाळेत मागे पडतात, आणि वय वाढेल तसा हा दोष बहुधा कमी होतो, असे त्याने नोंदवून ठेवले. पुढे जर्मनीत फ्रँकफुर्टच्या हाइन्रिश हॉफमान या डॉक्टरने आपल्या लहानग्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक तयार केले. ते १८४५ साली छापून निघाले आणि युरोपभर गाजले. त्यातला चुळबुळ्या फिलिप जेवणाच्या टेबलाशी खुर्ची झुलवत बसतो आणि शेवटी टेबलावरच्या कापडासकट सारी भांडीकुंडी अंगावर ओढून घेतो. तिकडच्या आया अजूनही हे चित्र मुलांना दाखवतात. पण हॉफमानने आजाराचे वर्णन केले नव्हते. त्याला गंमत सांगायची होती.

आजार म्हणून या मुलांकडे प्रथम बारकाईने पाहिले ते लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने. १९०२ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्याने तीन व्याख्याने दिली आणि आपण पाहिलेल्या ४३ मुलांची हकीकत सांगितली. त्यांपैकी कित्येकांची बुद्धी चांगली होती, पण मनाला आवर घालणे त्यांना जमत नव्हते. मुलींपेक्षा मुलगे अधिक होते. स्टिलने याला नैतिक संयमाचा अभाव म्हटले. नाव आज आपल्याला खटकते, परंतु दोष आईबापांच्या वळणाचा नसून शरीरातला असावा, ही त्याची शंका महत्त्वाची होती. १९१७ नंतर युरोप-अमेरिकेत मेंदूच्या सुजेची एक विलक्षण साथ आली. त्या दुखण्यातून उठलेली कित्येक शहाणी मुले एकाएकी अस्थिर, हूड आणि बेभान झाली. तेव्हा अशा वागण्याचा मेंदूशी संबंध असू शकतो हे डॉक्टरांना उघडच दिसले.

नावे मात्र बदलत राहिली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९६८ साली 'बालवयातील अतिचंचल प्रतिक्रिया' असे नाव आले. १९८० साली भर अवधानावर गेला. आणि १९८७ साली आजचे एडीएचडी हे नाव ठरले. अजूनही रक्ताच्या किंवा फोटोच्या तपासणीने हा आजार ओळखता येत नाही. आईबाप काय सांगतात, शिक्षक काय सांगतात आणि डॉक्टरांना काय दिसते, यांवरच निदान होते. वाचकहो, ही गोष्ट लक्षात ठेवा. आजार ओळखायचा तो पाहणाऱ्याच्या नजरेने, आणि गुण आला की नाही हे ठरवायचे तेही पाहणाऱ्याच्याच नजरेने! पुढचा सारा घोटाळा इथेच आहे.

आता दुसरा प्रवाह पाहू. होमिओपॅथीचा जनक साम्युएल हानेमान १७५५ साली जर्मनीतील माइसेन गावी जन्मला. तो डॉक्टर होता आणि अनेक भाषांचा जाणकारही होता. त्या काळी रक्त काढणे, जुलाब देणे, पाऱ्याची औषधे चारणे हे वैद्यांचे नित्याचे उपचार. रोगापेक्षा उपचारानेच माणूस अर्धा व्हायचा. हानेमानला याचा उबग आला. १७९० साली एका वैद्यकग्रंथाचे भाषांतर करताना त्याने हिवतापावरची सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली, आणि आपल्याला हिवतापासारखीच लक्षणे झाली असे त्याला वाटले. यातूनच 'काट्याने काटा काढावा' असा त्याचा सिद्धांत निघाला: निरोगी माणसात जे औषध जी लक्षणे उत्पन्न करते, ते औषध तीच लक्षणे असलेल्या रोग्याला द्यावे. १७९६ साली त्याने हा विचार प्रसिद्ध केला आणि १८१० साली 'ऑर्गेनॉन' हा त्याचा मुख्य ग्रंथ निघाला.

हानेमानची एक गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. १७९२ साली गेओर्गेंटाल येथे क्लोकेनब्रिंग नावाचा एक वेडसर रोगी त्याच्याकडे आणला गेला. वेड्यांना साखळदंडाने बांधण्याचा आणि झोडपण्याचा तो काळ. हानेमानने त्याला बांधले नाही, मारले नाही. पहिला पंधरवडा तर औषधही दिले नाही, फक्त बारकाईने पाहत राहिला. रोगी पुढे सुधारला. पुढच्या काळात प्रत्येक रोग्याची तपशीलवार हकीकत ऐकून ती वहीत टिपून ठेवायची, ही हानेमानची शिस्त बनली. झोप कशी, भूक कशी, राग कधी येतो, भीती कशाची वाटते, हे सारे तो विचारी. आजही होमिओपॅथीचे चांगले डॉक्टर पहिल्या भेटीला तासभर देतात ते या परंपरेमुळेच. म्हणजे या उपचारात प्रथमपासून दोन गोष्टी होत्या: एक गोळी, आणि दुसरी ती देण्याआधीचे ऐकून घेणे.

गोळीचे काय? हानेमानने औषध पातळ करीत नेले. एक भाग औषध आणि नव्व्याण्णव भाग पाणी किंवा अल्कोहोल, ही पहिली पायरी. तिच्यातला एक भाग घेऊन पुन्हा नव्व्याण्णव भाग, ही दुसरी. अशा तीस पायऱ्या झाल्या की मूळ औषध एकावर साठ शून्ये इतक्या पटीने विरळ होते. पुढे रसायनशास्त्राने अणुरेणूंची मोजदाद केली तेव्हा कळले, की बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणूदेखील उरण्याचा संभव फार थोडा. मग उरते काय? पाणी, आणि ते मुरवलेली साखर. होमिओपॅथीचे म्हणणे असे, की पदार्थ नसला तरी त्याची शक्ती उरते. नुसत्या तर्काने हा वाद सुटण्यासारखा नव्हता. तो सोडवायला कसोटी हवी होती.

ती कसोटी १८३५ साली जर्मनीतील न्युरेंबर्ग शहरात झाली, आणि ती वाचताना आजही कौतुक वाटते. तिथले एक वजनदार डॉक्टर फॉन होफेन यांनी होमिओपॅथीवर टीका केली. शहरातले होमिओपॅथ रॉयटर यांनी आव्हान दिले, की साधे मीठ तीस पायऱ्या विरळ करून घ्या, परिणाम जाणवेलच! मग गावकऱ्यांनीच प्रयोग मांडला. 'लाल कोंबडा' नावाच्या खाणावळीत शंभराहून अधिक लोक जमले. शंभर कुप्या घेतल्या, त्या सरमिसळ केल्या आणि पन्नास-पन्नासचे दोन ढीग केले. एका ढिगात बर्फाचे शुद्ध पाणी, दुसऱ्यात तीस पायऱ्यांचे मिठाचे पाणी. कुप्यांवर फक्त आकडे. कोणत्या आकड्यात काय, याची यादी मोहोरबंद. घेणाऱ्याला ठाऊक नाही, वाटणाऱ्याला ठाऊक नाही. तीन आठवड्यांनी पन्नास जणांनी हकीकत कळवली. ४२ जणांना काहीही जाणवले नव्हते. आठ जणांना काहीतरी वेगळे वाटले होते. त्यांपैकी पाच मिठाच्या कुपीचे आणि तीन नुसत्या पाण्याचे!

आकड्यांपेक्षा युक्ती महत्त्वाची आहे. देणारा आणि घेणारा या दोघांनाही अंधारात ठेवून केलेली चाचणी म्हणजे आजच्या वैद्यकाचा कणाच आहे. तिला 'दुहेरी अंध चाचणी' म्हणतात. असा प्रयोग इतक्या लवकर आणि इतक्या नेटकेपणाने झाल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

आता चुळबुळ्या मुलांकडे परत येऊ. त्यांच्यावरच्या औषधाचा शोध अपघातानेच लागला. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात एमा पेंडल्टन ब्रॅडली होम ही मुलांची संस्था होती. तिथे मेंदूच्या एका तपासणीनंतर मुलांचे डोके फार दुखे. चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने त्यावर बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी जेमतेम थांबली, पण शिक्षक सांगू लागले की मुले अभ्यासाला बसतात! १९३७ साली ब्रॅडलीने ३० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४ मुलांचा शाळेतला फरक ठळक होता. मुले या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणत, असे सांगतात. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे, हे त्या काळी कोडेच होते. १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत लेआंद्रो पानिझोन याने मेथिलफेनिडेट तयार केले. त्याची बायको रीटा. तिच्या नावावरून औषधाला 'रिटालिन' नाव पडले आणि १९५४ साली ते बाजारात आले.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ब्रॅडलीची ३० मुले हा काही पुरावा नव्हता. तिथेही देणाऱ्याला ठाऊक होते, पाहणाऱ्याला ठाऊक होते. म्हणून १९६३ साली कीथ कॉनर्स आणि लिऑन आयझेनबर्ग यांनी मेथिलफेनिडेटची तुलना दिसायला सारख्याच अशा बिनऔषधाच्या गोळीशी केली. पुढे कॉनर्स यांनी मुलांचे वागणे मोजायला प्रश्नांचे तक्ते बनवले. त्यांपैकी एका छोट्या तक्त्यात दहा प्रश्न आहेत, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त तीस. गुण जितके अधिक, तितका त्रास अधिक. हा तक्ता ध्यानात असू द्या. पुढची गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

होमिओपॅथीच्या गोळ्यांनाही हाच न्याय लावावा, असे पुढे काही संशोधकांना वाटले. १९९७ साली जॉन लॅमाँट यांनी ४३ मुलांवर चाचणी केली. आईबापांनी किंवा सांभाळणाऱ्यांनी दिलेल्या गुणांवरून होमिओपॅथीचा फायदा दिसला. आशा वाढली.

मग स्वित्झर्लंडमध्ये हाइन्रिश फ्राय या होमिओपॅथी जाणणाऱ्या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फार कसून काम केले. २००५ साली ते प्रसिद्ध झाले. एडीएचडी असलेली ८३ मुले घेतली. पुष्कळदा टीका होते की सगळ्यांना एकच औषध दिले, होमिओपॅथीत तर माणसागणिक औषध वेगळे! ही तक्रार राहू नये म्हणून त्यांनी प्रत्येक मुलासाठी योग्य औषध सापडेपर्यंत महिनोन् महिने धीर धरला. ज्या मुलांचे कॉनर्स-तक्त्यातले गुण निम्म्यापर्यंत उतरले, अशा ६२ मुलांचीच पुढे चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला सहा आठवडे औषधाची गोळी आणि नंतर सहा आठवडे नुसती गोळी; दुसऱ्या गटाला उलट. कोणाला कधी काय मिळते, हे डॉक्टरांना, आईबापांना वा मुलांना ठाऊक नव्हते.

निकाल काय लागला? औषधाच्या काळात गुण नुसत्या गोळीच्या काळापेक्षा सरासरीने १.६७ ने कमी होते. तीसपैकी पावणेदोन गुणसुद्धा नाहीत. योगायोगाने असा फरक पडण्याचा संभव शंभरात पाचापेक्षा कमी असावा, अशी रूढ रेषा असते. ती या निकालाने जेमतेम ओलांडली. म्हणून होमिओपॅथीचे पुरस्कर्ते या चाचणीचा दाखला देतात, आणि तो द्यायचा त्यांना हक्क आहे.

पण त्याच निबंधात दुसराही आकडा आहे. उघड उपचारात, म्हणजे गोळी खरी आहे हे सर्वांना ठाऊक असताना, दीर्घ काळाने या मुलांचे गुण बाराने खाली आले. म्हणजे बारा गुणांचा उतार! आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. डोळे उघडे असताना बारा, आणि डोळे बांधल्यावर पावणेदोन. मधले दहा गुण गेले कुठे? ते कुठे गेले नाहीत. मूल सुधारले हे खरे. पण त्या सुधारण्याचा फार मोठा भाग गोळीतल्या औषधाचा नव्हता.

त्याच २००५ साली अमेरिकेत जेनिफर जेकब्स यांचे काम निघाले. या स्वतः होमिओपॅथीच्या पुरस्कर्त्या डॉक्टर. ४३ मुले, अठरा आठवडे, आणि प्रत्येक मुलाची नीट हकीकत ऐकून निवडलेले औषध. निम्म्यांना ते मिळाले, निम्म्यांना नुसती गोळी. शेवटी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. परंतु दोन्ही गटांतली मुले पुष्कळ बाबतींत सुधारली होती! आपल्या मताविरुद्धचा निकाल त्यांनी सरळ छापला, हा त्यांचा मोठेपणाच म्हटला पाहिजे.

नुसत्या गोळीनेही मूल सुधारावे, हे कसे? याची कारणे गूढ नाहीत. पहिले कारण असे, की आपण डॉक्टरांकडे धावतो ते त्रास टोकाला गेल्यावर. टोकाला गेलेली गोष्ट बहुधा थोडी खाली येतेच; पाऊस काही रोज मुसळधार पडत नाही. दुसरे कारण, वय. क्रायटनने १७९८ सालीच लिहिले होते की वयाबरोबर हा दोष ओसरतो. तिसरे कारण ते ऐकून घेणे. कोणी शहाणा माणूस तासभर बसून मुलाबद्दल विचारतो; त्याला काय आवडते, तो कशाला भितो, हे आईला बऱ्याच दिवसांनी कोणीतरी विचारलेले असते. 'तुमचा मुलगा वाया गेला' असे न म्हणता 'आपण बघू' असे म्हणणारा माणूस भेटतो. घर थोडे निवते. निवलेल्या घरातले मूलही थोडे निवते.

आणि चौथे कारण म्हणजे पाहणाऱ्याची नजर. १९९४ साली हूव्हर आणि मिलिच या अमेरिकन संशोधकांनी एक मोठा मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. 'साखर खाल्ली की आमचा मुलगा आवरत नाही' असे म्हणणाऱ्या आया त्यांनी बोलावल्या. मुले पाच ते सात वर्षांची. निम्म्या आयांना सांगितले, की मुलाला भरपूर साखर दिली आहे. निम्म्यांना सांगितले, की दिलेली नाही. वास्तविक साखर एकाही मुलाला दिली नव्हती. सर्वांना बिनसाखरेचे गोड पेय पाजले होते. तरी 'साखर दिली' असे ऐकलेल्या आयांना आपला मुलगा अधिक चंचल दिसला. त्या मुलाच्या अधिक जवळ बसल्या, त्याला अधिक टोकू लागल्या. म्हणजे समजुतीने नुसती नजर बदलली नाही, वागणूकही बदलली. साखरेच्या बाबतीत जे उलटे घडले, ते औषधाच्या गोड गोळीच्या बाबतीत सुलटे का घडणार नाही? आया खोटे बोलत नव्हत्या. त्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तसेच दिसले असते.

२००७ साली 'कॉक्रेन' या चाचण्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने या विषयावरच्या चार चाचण्या, म्हणजे एकूण १६८ मुलांचे निकाल, एकत्र तपासले. होमिओपॅथीने एडीएचडीला गुण येतो असा पुरावा फारसा नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

आपल्या देशात काय झाले? १९७३ साली होमिओपॅथीसाठी केंद्राचा कायदा झाला आणि १९७८ साली केंद्रीय होमिओपॅथी संशोधन परिषद स्थापन झाली. या परिषदेने हैदराबादच्या प्रिन्सेस दुर्रु शेहवार रुग्णालयात एडीएचडीच्या साठएक मुलांवर चाचणी केली. तिचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात होमिओपॅथीच्या बाजूने फरक दाखवला आहे. परंतु लेखकांनीच तिला प्राथमिक चाचणी म्हटले आहे. प्राथमिक चाचणीचे काम दार ठोठावण्याचे. दार उघडल्याचा दाखला तिच्यातून मिळत नाही.

शेवटची हकीकत बोधप्रद आहे. २०२२ साली बालवैद्यकाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एक निबंध आला. निरनिराळ्या चाचण्या एकत्र केल्या तर होमिओपॅथीचा एडीएचडीवर चांगला परिणाम दिसतो, असे त्यात म्हटले होते. साहजिकच पुष्कळांनी त्याचा हवाला दिला. पण इतर संशोधकांनी आकडे तपासले, विश्लेषणाच्या पद्धतीबद्दल गंभीर शंका काढल्या, आणि २०२३ साली संपादकांनी तो निबंध मागे घेतला. छापून आले म्हणजे खरे झाले असे नव्हे, हे आपल्या वाडवडिलांनी वर्तमानपत्रांबद्दल सांगून ठेवले आहे. शास्त्रीय नियतकालिकांनाही ते लागू आहे.

आता तुम्ही विचाराल, "पण मग रिटालिनसारख्या औषधांचे तरी काय? ती काय दुधाने धुतलेली आहेत?" नाहीत. अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या मोठ्या चाचणीचे निकाल १९९९ साली आले. काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने चंचलता आणि अवधान यांत स्पष्ट सुधारणा दिसली. परंतु त्याच मुलांना तीन वर्षांनी पाहिले, तेव्हा गटागटांतला तो फरक उरला नव्हता. ही औषधे भूक मारतात, झोप उडवतात, उंचीची वाढही थोडी मंदावते. म्हणून ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. लहान मुलांत तर आधी आईबापांना वागणुकीचे शिक्षण देण्यावरच भर असतो. या औषधांचे गुण आणि दोष दोन्ही आपल्याला कळले ते त्याच कडक कसोटीमुळे. कसोटी एकच हवी. एकाला ताजवा आणि दुसऱ्याला अंदाज, हा न्याय नव्हे.

मग 'अपाय तरी नाही' हा हिशेब? साखरेच्या गोळीने पोटात दुखणार नाही, हे खरे. पण मुलाचे वय थांबून राहत नाही. दुसरीतले मूल गोळीचा गुण येण्याची वाट पाहत चौथीत जाते. तोवर वाचन मागे पडते, वर्गात 'मठ्ठ' आणि 'व्रात्य' ही दोन नावे कायमची चिकटतात, आणि ती मूल स्वतःच खरी मानू लागते. हा अपाय औषधाच्या बाटलीवर छापलेला नसतो. आणि कोणाच्या सांगण्यावरून डॉक्टरांचे चालू औषध परस्पर बंद केले, तर नुकसान आणखी वाढते.

तेव्हा तुमच्या घरात किंवा शेजारी असे मूल असेल तर प्रथम बालरोगतज्ज्ञांकडून किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडून नीट तपासून घ्या. कानाने कमी ऐकू येणे, नजर अधू असणे, झोप अपुरी असणे, घरात भांडणे असणे, यांमुळेही मूल असेच वागते. शिक्षकांना शत्रू न मानता भेटा. मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, काम लहान लहान तुकड्यांत देणे, जमले की लगेच शाबासकी देणे, या गोष्टींना पैसा पडत नाही. आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे जे ऐकून घेणे मिळते, ते इतर डॉक्टरांनी आणि आपण घरच्यांनीही द्यायला शिकले पाहिजे. जेकब्स यांच्या दोन्ही गटांतली मुले सुधारली, याचा मला तरी हाच अर्थ दिसतो. घाईघाईने पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून देणाऱ्या आधुनिक वैद्यकाला हा एक टोलाच आहे.

कोणी म्हणाले, "अमक्याचा मुलगा या गोळ्यांनी सुधारला," तर त्याला खोटे पाडू नका. मुलगा सुधारला असेलही. फक्त न्युरेंबर्गच्या त्या खाणावळीतल्या लोकांप्रमाणे एक साधा प्रश्न विचारा: ज्याला कुपीत काय आहे हे ठाऊक नव्हते, त्याला काय दिसले?